१९७२ चा दुष्काळ आणि रोहयो (रोजगार हमी योजना): डेटाबेसमध्ये नेमके लेख शोधायचे कसे?

पाझरतलाव
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. पीएचडीचा विषय मंजूर झाला: '१९७०-७३ च्या दुष्काळातली मदतकामे आणि मराठवाड्यातल्या मजूर स्त्रिया'. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण लिहायला घेतलंय आणि तिथेच गाडी रुतलीय. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून स्कोपस आणि जेस्टोर हे संशोधनलेखांचे दोन्ही डेटाबेस उघडतात, त्यामुळे रडगाणं पासवर्डचं नाही. 'विमेन लेबरर्स इन महाराष्ट्र ड्राउट १९७२' असं टाकलं की स्कोपस हात वर करतं. नुसतं 'ड्राउट महाराष्ट्र' टाकलं की पर्जन्यमानाचे निर्देशांक, उपग्रहाची चित्रं आणि ज्वारीचे वाण. जेस्टोरवर उलटी तऱ्हा: हजारो निकाल, आणि त्यात चीन, इथिओपिया, सगळं जग.

मे १९७३ मध्ये राज्यात मदतकामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढ्या मोठ्या गोष्टीवर कुणी लिहिलंच नसेल असं होणार नाही. गाईड म्हणतात, 'नीट शोधा.' नीट म्हणजे कसं, तेच विचारायचंय.

(शोधशब्द इथे देवनागरीत लिहिलेत, चौकटीत अर्थात रोमनमध्येच टाकतेय.)

जुनी खतावणी
ताई, विषय उत्तम आहे. ग्रंथालयात नोकरी केली तोवर हे गाऱ्हाणं काउंटरवर नेहमी ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शून्य निकाल का येतात ते बघा. स्कोपसमध्ये दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणजे 'अँड'. तुम्ही जितके शब्द टाकाल तितके सगळेच्या सगळे शीर्षक, गोषवारा किंवा कळशब्दांत असतील तरच लेख येणार. १९७३ च्या आसपास छापलेल्या कित्येक लेखांना गोषवारा नसतोच. मग उरतं फक्त शीर्षक. एका शीर्षकात स्त्रिया, मजूर, महाराष्ट्र, दुष्काळ आणि वर्ष हे सगळं कोण घालतो? जेस्टोर मात्र लेखाचा पूर्ण मजकूर चाळतं. कुठल्या तळटीपेत 'ड्राउट' आणि आणखी कुठे 'महाराष्ट्र' एवढ्यावर लेख हजर. म्हणजे दोन्हीकडे तीच ओळ टाकून चालणार नाही.

आता कागदावर तीन रकाने आखा. आपत्ती, सरकारने काढलेली कामं, आणि जागा.

पहिल्या रकान्यात तुम्ही एकटा 'ड्राउट' लिहिलाय. महाराष्ट्राने १९६३ साली चक्क कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला. त्यानंतर सरकारी कागदात जे काही झालं ती 'स्केअर्सिटी'. त्या कागदांवर बेतलेले लेखही 'स्केअर्सिटी'च म्हणतात. सरकारवर टीका करणारा मुद्दाम 'फॅमिन' लिहितो. शेतीशास्त्र आणि हवामानवाले 'ड्राउट'. तुम्ही एकच शब्द घेतलात तर त्याबरोबर एकच बाजू निवडून बसता, आणि आढाव्यात 'या विषयावर फारसं लिहिलं गेलेलं नाही' असं एक बेधडक वाक्य येतं. तिन्ही शब्द 'ऑर'ने जोडा.

दुसरा रकाना: 'रिलीफ वर्क्स', 'स्केअर्सिटी रिलीफ', 'पब्लिक वर्क्स', 'रूरल वर्क्स', 'एम्प्लॉयमेंट गॅरंटी'. त्याखाली प्रत्यक्ष कामांची नावं: 'पर्कोलेशन टँक' (तुमचंच नाव), 'कंटूर बंडिंग', 'मेटल ब्रेकिंग' म्हणजे आपली खडी फोडणं. दोन-तीन शब्दांचे प्रयोग अवतरणचिन्हांत घाला. नाहीतर 'रिलीफ' एकीकडे आणि 'वर्क्स' भलतीकडे सापडतो, आणि भूगोलात 'रिलीफ' म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा, तेही लेख गोळा होतात.

स्त्रियांचा रकाना पहिल्या फेरीत जोडू नका. हा मोह आवरा. रोहयोच्या कामांवर स्त्रियांचं प्रमाण मोठं होतं, पण त्या काळच्या लेखात त्या शीर्षकात नसतात, आतल्या मजुरीच्या तक्त्यात असतात.

आणि कंस. प्रत्येक रकाना आपापल्या कंसात, दोन कंसांमध्ये 'अँड'. कंस नसले तर स्कोपस 'ऑर' आधी सोडवतं, वेब ऑफ सायन्स (तोही डेटाबेसच) 'अँड' आधी सोडवतं आणि आरोग्यक्षेत्रातलं पबमेड डावीकडून उजवीकडे जातं. तीच ओळ, तीन उत्तरं.

गावकुस
काका, दंडवत. जागेच्या रकान्याबद्दल माझी भर.

१९७२ ला जालना जिल्हा नव्हता, लातूरही नव्हता. जालना १९८१ ला औरंगाबादेतून निघाला, लातूर १९८२ ला उस्मानाबादेतून. त्यामुळे त्या काळच्या लेखात 'लातूर' शोधलंत तर फार तर तालुक्याचं गाव मिळेल, जिल्ह्याचे आकडे उस्मानाबादच्या नावावर. बीडची रोमन स्पेलिंगं बघा: 'बीड', 'बीर' आणि 'भ'ने सुरू होणारं 'भीर', जुन्या कागदांत हेच जास्त. सोलापूर म्हणजे 'शोलापूर', पुणे म्हणजे 'पूना'. आणि आता उलट्या बाजूनेही शेपूट वाढलंय: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. पुढच्या काही वर्षांतले लेख नवीन नावं वापरतील, तेव्हा दोन्ही हवीत. 'मराठवाडा' आणि 'डेक्कन' तर हवेतच.

दोन घोट चहा
सगळं मान्य, पण रोहयोची कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांच्यावर कुणी शोधून दाखवा! रोहयोच्या आधी १९६५ ला तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग झाला, त्याला लोक 'पागे योजना' म्हणायचे. त्यांचं आडनाव रोमनमध्ये लिहा आणि जेस्टोरच्या पूर्ण मजकुरात टाका. जगातलं प्रत्येक पान निकालात. (हलके घ्या.)

जुनी खतावणी
चहावाले, हसलो. पण उपाय आहे: आडनाव एकटं टाकायचं नाही. 'पागे स्कीम' अवतरणात, किंवा आद्याक्षरांसकट अवतरणात, आणि सोबत 'अँड महाराष्ट्र'. असाच घोळ 'ईजीएस'चा, म्हणजे 'एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम'च्या आद्याक्षरांचा. मध्य प्रदेशात शिक्षण हमी योजना होती, तिचीही आद्याक्षरं तीच. आद्याक्षरं वापरायची तर शेजारी 'एम्प्लॉयमेंट' किंवा 'महाराष्ट्र' हवंच. इथे 'नॉट एज्युकेशन' असं करावंसं वाटेल, करू नका. रोहयोवरच्या ज्या लेखात मजुरांच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल एक ओळ आहे तोही उडेल. 'नॉट' फार जपून.

चिकित्सक
एवढा खटाटोप कशाला? गूगल स्कॉलरवर टाका, पहिली पाच पानं बघा, काम झालं. आम्ही याच पद्धतीने पीएचडी केली, पदवी परत मागितली नाही कुणी.

टेम्सकाठी
चिकित्सक, स्कॉलर मीही रोज वापरतो, पण त्याचं काम वेगळं. मी आरोग्यक्षेत्रात पद्धतशीर आढावे करणाऱ्या गटात आहे, त्यामुळे हा वाद आमच्याकडे नेहमीचा.

स्कॉलर कुठल्याही शोधाचे १००० च्या पुढचे निकाल दाखवत नाही, वर कितीही लाख लिहिलेले असोत. क्रम लावताना ज्यांचा उल्लेख जास्त झालाय ते लेख वर येतात, म्हणजे प्रसिद्ध लेखच आणखी प्रसिद्ध होतात. १९७४ चा एखाद्या तालुक्यावरचा बारका पण तुमच्या कामाचा लेख तळाला. शब्दाचा शेपटीचा भाग तोडून चांदणी (*) लावणं तिथे चालत नाही. लांब ओळ टाकली तर तोही अडतो.

पण एक गोष्ट त्याची झकास: 'साइटेड बाय'. एक चांगला जुना लेख धरा, त्याखालच्या या दुव्यावर टिचकी मारा आणि वरच्या 'फक्त उल्लेख करणाऱ्या लेखांमध्ये शोधा' या खुणेवर बरोबरची खूण करून 'विमेन' टाका. काकांनी पहिल्या फेरीत जो रकाना सोडायला सांगितला तो इथे कामाला येतो. लेखाच्या संदर्भयादीतून मागे जायचं, 'साइटेड बाय'मधून पुढे यायचं. शब्द कितीही चुकले तरी ही साखळी सहसा तुटत नाही, कारण इथे माणसांनी माणसांना वाचलेलं असतं.

अजून एक सवय सांगतो. शोधओळ चांगली की वाईट हे निकालांच्या आकड्यावरून ठरवू नका. गाईडला विचारून, जे लेख आढाव्यात असायलाच हवेत असे चार-पाच आधी हातात घ्या. ओळ चालवा. ते त्यात आले का बघा. एखादा आला नाही तर तो उघडून त्याने कोणते शब्द वापरलेत ते पाहा आणि रकान्यात भर घाला. आमच्याकडे ही चाचणी झाल्याशिवाय पुढचं काम सुरूच होत नाही.

चिकित्सक
चार लेखांची चाचणी आवडली. बाकीचं बघू.

पाझरतलाव
बापरे, एका दिवसात एवढं! काका, गावकुस, टेम्सकाठी, सगळ्यांचे आभार. 'स्केअर्सिटी' आणि 'भीर' टाकताच जेस्टोरवर ७३-७४ चे लेख दिसायला लागले. बरेचसे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीतले.

दोन शंका. एक, अजूनही पसारा खूप आहे. दोन, मी डाव्या बाजूला वर्षाची चाळणी १९७२ ते १९७५ लावलीय. बरोबर ना?

जुनी खतावणी
वर्षाची चाळणी काढा आधी. ती छापल्याच्या वर्षाची असते, घटनेच्या नव्हे. १९७२ च्या दुष्काळावर आजही लिहितात. रोहयोचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, त्या सुमारास लेखांची एक लाट येते आणि प्रत्येकात ७२ चा इतिहास असतो. २००५ ला केंद्राचा रोजगार हमी कायदा आला तेव्हा दुसरी लाट: महाराष्ट्रात काय झालं होतं, ते जुनं उकरून काढणारे लेख. खालची मर्यादा मात्र १९६५ च्या मागे नेलीत तरी चालेल. वीकली सध्याच्या नावाने १९६६ पासून निघतं, त्याआधी १९४९ पासून 'द इकॉनॉमिक वीकली' होतं. नियतकालिकाच्या नावाने चाळणी लावताना दोन्ही घ्या.

पसाऱ्यावर उपाय म्हणजे जवळिकेचा शोध. जेस्टोरमध्ये दोन शब्द एकाच अवतरणात लिहून पुढे नागमोडी रेघ (~) आणि आकडा. 'विमेन रिलीफ' आणि पुढे १५, म्हणजे हे दोन शब्द एकमेकांपासून पंधरा शब्दांच्या आत. मजकुरात एकाच वाक्यात किंवा लगतच्या वाक्यात स्त्रिया आणि मदतकामं आली की तो परिच्छेद तुमच्या कामाचा असण्याची शक्यता बरीच. स्कोपसमध्ये हेच डब्ल्यू आणि आकडा लिहून होतं, वेब ऑफ सायन्समध्ये 'निअर' आणि आकडा. चिन्हं प्रत्येकाची वेगळी, प्रत्येकाचं 'हेल्प'चं पान एकदा वाचाच. कुणी वाचत नाही ते.

'लेबर'च्या दोन्ही स्पेलिंगांसाठी प्रश्नचिन्ह वापरू नका. स्कोपसमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक अक्षर, त्याने ब्रिटिश स्पेलिंग सापडेल, अमेरिकन गळेल. सरळ दोन्ही लिहून मध्ये 'ऑर'.

टेम्सकाठी
ताई, पोषण, बालमृत्यू यावर काही हवं असेल तर पबमेडही बघा. तिथे 'मेश' नावाची विषयशीर्षकांची ठरीव यादी आहे. लेखकाने 'फॅमिन' लिहो की 'स्केअर्सिटी', लेखाला ठरलेलं शीर्षक लागतं. 'ड्राउट्स', 'स्टार्व्हेशन', 'चाइल्ड न्यूट्रिशन डिसॉर्डर्स' अशी शीर्षकं आहेत. 'रिलीफ वर्क' सुद्धा आहे, पण व्याख्या वाचा: आपत्तीत पैसा, अन्न, निवारा पुरवणं असा त्याचा अर्थ, खडी फोडणं नव्हे. तिथल्या सगळ्याच लेखांना ही शीर्षकं लागलेली नसतात, म्हणून शीर्षकाचा शोध आणि साध्या शब्दांचा शोध दोन्ही 'ऑर'ने जोडायचे. 'अँड', 'ऑर' तिथे मोठ्या लिपीतच.

अर्थशास्त्रात इकॉनलिट या डेटाबेसला असेच संकेतांक असतात. कल्याणकारी योजनांच्या परिणामांसाठी आय ३८, हवामान आणि नैसर्गिक आपत्तींसाठी क्यू ५४. तुमच्याकडे इकॉनलिट असेल तर करून बघा.

उंबरठा
वाचनखूण साठवली आहे. पण ताई नशीबवान, आमच्याकडे स्कोपस उघडत नाही. गावातल्या छोट्या महाविद्यालयात शिकवतो. ग्रंथालयात विचारलं की उत्तर येतं, 'ते काय असतं?' आमच्यासारख्यांनी काय करायचं?

जुनी खतावणी
सर, आधी हे पाहा की तुमची संस्था 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये आहे का. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये मंजूर केले, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी, सगळा व्यवहार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटमार्फत. पण नियतकालिक वाचायला मिळणं वेगळं आणि शोधायचा डेटाबेस मिळणं वेगळं. लोक इथे गोंधळतात.

संस्था यादीत नसेल तरी शोध अडत नाही. पबमेड सगळ्यांना खुलं. जेस्टोरवर स्वतःचं खातं काढलं की ठरावीक संख्येने लेख पडद्यावर फुकट वाचता येतात. अनपेवॉल नावाचं ब्राउझरला जोडायचं साधन आहे, लेखाची खुली प्रत कुठे ठेवलेली असेल तर ते दाखवतं. लेखकाला दोन ओळींची नम्र ईमेल पाठवा, बरेच जण पाठवतात. आणि संशोधनासाठी जिथे नोंदणी आहे त्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटा. बाहेरून लॉगिन मिळतं का, हे तेच सांगतील.

आणि शोधगंगा! तिथले प्रबंध उतरवून घ्यायचे ते निष्कर्षांसाठी नव्हे, संदर्भयादीसाठी. तुमच्या विषयाच्या शेजारचा एखादा बरा प्रबंध म्हणजे कुणीतरी तुमच्यासाठी आधीच केलेली गोळाबेरीज. मराठी प्रबंधांची शीर्षकं तिथे कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये जशी सुचली तशी नोंदवलेली दिसतात. 'दुष्काळ' रोमनमध्ये किती प्रकारांनी लिहिता येतो ते लिहून काढा आणि सगळे टाकून बघा.

रात्रपाळी
मी तर चॅटबॉटला विचारलं, '१९७२ महाराष्ट्र दुष्काळ स्त्रिया यावरचे वीस लेख दे.' दिले की, वर्ष, खंड, पृष्ठांसह! धाग्याची गरजच काय?

टेम्सकाठी
त्यातले किती उघडून पाहिलेत?

रात्रपाळी
अजून नाही...

टेम्सकाठी
पाहा. प्रत्येक शीर्षक अवतरणात घालून शोधा. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) दिला असेल तर तो उघडा, भलताच लेख उघडतो का बघा. ही साधनं अस्सल वाटणारे पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ बेमालूम रचतात. खरा लेखक, खरं नियतकालिक आणि दोघांचा कधीच न झालेला लेख. प्रबंधात असा एक संदर्भ परीक्षकाला सापडला की बाकीच्या खऱ्या संदर्भांवरचाही विश्वास उडतो. पर्यायी शब्द सुचव म्हणून विचारा, रकाने भरायला मदत होते. यादी मात्र डेटाबेसमधूनच.

रात्रपाळी
पहिले पाच तपासले. तीन सापडत नाहीयेत. गप्प बसतो.

माणगंगा
इंग्रजीत इतकं बुडालात की मराठी राहिलंच. मराठीतलं लेखन स्कोपसमध्ये जवळपास येत नाही, हे आढाव्यात स्पष्ट लिहावं. 'सुकडी' हा शब्द एकदा शोधा. मदतकामांवर सुकडी हे कोरडं खाणं वाटायचे, आणि ज्यांनी खडी फोडली त्या पिढीच्या आठवणींमध्ये तो हमखास येतो. त्या काळची साप्ताहिकं, 'साधना'सारखी, अंक काढून पानं उलटत बघावी लागतात, शोधचौकटीवर विसंबता येत नाही. स्कॅन केलेल्या मराठी पानांवर यंत्राचं अक्षरवाचन कच्चं असतं, जोडाक्षरांची वाट लागते. इंग्रजीत पण पुण्यातलं हवं असेल तर गोखले संस्थेचं 'अर्थ विज्ञान' १९५९ पासून निघतं, आणि त्यांच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने अहवाल, पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत. जिल्ह्यांसाठी राज्याच्या दर्शनिका विभागाचे गॅझेटिअर.

गावकुस
सुकडीला +१००. आमच्याकडे अजून म्हाताऱ्या तिची चव सांगतात, चांगली म्हणून नव्हे.

पाझरतलाव
सुकडीची नोंद घेतली. शेवटची शंका: थांबायचं कधी? रोज एक नवा लेख सापडतो आणि मी लिहायला बसतच नाही.

जुनी खतावणी
वही करा. तारीख, डेटाबेस, जशीच्या तशी शोधओळ, किती निकाल आले, किती ठेवले. परीक्षकाने विचारलं तर दाखवता येते आणि सहा महिन्यांनी तीच ओळ पुन्हा चालवता येते. लेख झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) टाकत चला, तिथे एकच लेख दोनदा आला तर कळतं. नवीन ओळ, नवीन डेटाबेस, आणि तरी बहुतेक सगळं आधीच झोटेरोत असलेलं निघालं की शोध बंद करून लिहायला बसा. पुढे छापलं जाईल त्यासाठी डेटाबेसमध्ये तीच ओळ साठवून सूचना लावा, ईमेल येत राहील.

उंबरठा
काका, धाग्यावर आक्रमण करतोय, पण माझ्या विद्यार्थिनीचा विषय १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आहे, गाव परभणीकडचं. हेच रकाने चालतील?

जुनी खतावणी
रकाने चालतील, शब्द बदलतील. तेव्हा सरकारच 'फॅमिन' म्हणत होतं, १८८० चा फॅमिन कमिशनचा अहवाल आहे. तो शब्द आधी घ्या, 'स्केअर्सिटी' सोबत राहू द्या. जागेचा रकाना मात्र पार नव्याने लिहा. मराठवाडा तेव्हा निजामाकडे, 'बॉम्बे प्रेसिडेन्सी' टाकलंत तर नगर, सोलापूर येईल, परभणी येणार नाही. 'हैदराबाद', 'निझाम्स डोमिनियन्स' असं शोधा. बाकीचं नवा धागा काढा, तिथे बोलू.